मृदंगाचा रकाना

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनाही जरा जागा द्या. आजचे बुवा यायला अजून अवकाश आहे, वीणा अजून खुंटीवर आहे, तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. तिच्यात खून नाही की दरोडा नाही. एक कीर्तन हरवलं आणि एका मुलीवर आळ आला, एवढंच. लीलाधर नानांना जे जे दिसलं ते ते सगळं तुमच्यापुढे ठेवीन, पदराआड काही ठेवणार नाही. बघा, त्यांच्या आधी तुम्हाला उलगडतं का.

१

जळगावात पिंप्राळ्याला पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या आहेत. तिथे आमचा श्रवणसंग्रह. खानदेशातल्या गावोगावची कीर्तनं, कोणाच्या कॅसेटमध्ये, कोणाच्या मोबाइलमध्ये पडलेली, ती गोळा करायची आणि जपून ठेवायची. गिरणी सुरू झाली की टेबलावरचा पेला थरथरतो, पण कीर्तनं तिथे नसतात. ती धुळ्याला, हितेंद्रच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर असतात. हितेंद्र हा आमचा कॉम्प्युटरवाला. जळगावच्या कॉम्प्युटरवर बसते ती रुपली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, चोपड्याच्या कॉलेजात शिकलेली, मोजकं बोलणारी मुलगी. प्रत्येक कीर्तन पूर्ण ऐकून त्याची माहिती भरायची हे तिचं काम. पूर्ण ऐकणारी आमच्यात ती एकटीच, हे कबूल करायला मला लाज वाटते.

त्या सोमवारी सकाळी दहाला रुपलीने तोतारामबुवांचं रावेरचं कीर्तन काढायला घेतलं. बुवांचं ते शेवटचं. गुरुवारी चाळीसगावला त्यांचं वर्षश्राद्ध होतं आणि तिथल्या मंडळाने मंडप घातला होता तो हेच कीर्तन लोकांना ऐकवण्यासाठी. रुपलीने नाव टाकलं. पडद्यावर दोन शब्द आले: सापडले नाही.

तिने पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. बाकी सगळी कीर्तनं जागच्या जागी होती.

तेवढ्यात अध्यक्ष अभिमनआबा जिना चढून आले. वय पंचाहत्तर, काखेत लाल उशी. कंबर धरल्यापासून तिच्याशिवाय ते कुठे टेकत नाहीत. त्यांनी धुळ्याला फोन लावला. हितेंद्रने तिकडून शोधलं, त्यालाही सापडेना. दुसरी प्रत होती, पण तीही त्याच सर्व्हरवर आणि तीही दिसेना. ज्या मोबाइलवर मूळ घेतलं होतं तो केव्हाच मोडीत गेला होता.

"आबा, नोंद दिसतेय," हितेंद्र फोनवर म्हणाला. "शनिवारी चार वाजून बारा मिनिटांनी त्या कीर्तनाच्या परवानग्या बदलल्यात. जळगावच्या कॉम्प्युटरवरून. आधी परवानगी बदलली असेल, मग फाईल उडवली असेल. तुमच्याकडे कोणी काही बदललं का?"

"नाही," आबा म्हणाले, आणि त्यांनी रुपलीकडे पाहिलं. "ऊठ त्या खुर्चीवरून."

ती उठली.

"गुरुवारपर्यंत सांग कुठे घातलंस ते. नाहीतर शुक्रवारपासून येऊ नको, आणि मी पोलिसांत जाईन. बुवांचा शेवटचा शब्द होता तो!"

रुपली एवढंच म्हणाली, "मी नाही केलं, आबा." आणि पिशवी उचलून खाली उतरली.

२

लीलाधर नाना म्हणजे पाटबंधारे खात्याचे निवृत्त कालवा निरीक्षक. तीस वर्षं गिरणा नदीच्या कालव्यावर कोणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं ते त्यांनी पाहिलं. आता टाळ वाजवतात, माझ्या डाव्या हाताला उभे राहतात. मी त्यांना हकिगत सांगितली.

"तिने का करावं?" नानांनी विचारलं.

"आबा म्हणतात, राग. मागच्या आठवड्यात ती त्यांच्याकडे गेली होती. म्हणे रावेरच्या कीर्तनाला मृदंग जीवरामने नाही, माझ्या बापाने वाजवला, नोंद बदला. आबा म्हणाले, वहीत आहे तेच खरं."

"आणि बाप?"

"खाज्या. रावेरला केळीच्या बागेत कामाला होता. गेला दिवाळीच्या आधी."

आम्ही दोघे रुपलीच्या खोलीवर गेलो. ती मामेबहिणीबरोबर राहते. तिने पाणी दिलं आणि उभीच राहिली.

"बस, बाळा. शनिवारी कितीला निघालीस?"

"तीनला. चोपड्याची बस होती. आईकडे गेले होते."

"कॉम्प्युटर बंद केला होता?"

"नव्हता."

"का?"

"चूक झाली, नाना."

"रोज करतेस बंद?"

"रोज."

"मग शनिवारीच कशी विसरलीस?"

तिने रिकामा पेला उचलून आत ठेवला. नाना तिच्याकडे बघत राहिले, ओरडले नाहीत. निघताना त्यांनी विचारलं, "ते कीर्तन तू एरवीही ऐकायचीस का?"

"जेवणाच्या सुट्टीत ऐकायचे. बाबाचा फोटो आहे आमच्याकडे, आवाज नाही. तो मृदंगच काय तो आवाज." मग ती म्हणाली, "मी ते पुसीन का, नाना?"

खाली आल्यावर नाना म्हणाले, "ही खोटं बोलत नाहीये. पण खरंही पूर्ण सांगत नाहीये. कोणाला तरी झाकतेय."

३

झाकावं असा माणूस कोण? मला दीपकचा संशय होता. दीपक हा बुवांचा पुतण्या. बुवांची कीर्तनं मोबाइलवर टाकतो, आणि वर फोटो स्वतःचा लावतो. रावेरचं कीर्तन त्याने तीनदा मागितलं होतं आणि आबांनी तीनदा नाकारलं होतं.

"हो, आलो होतो शनिवारी," दीपक म्हणाला. त्याच्या दुकानात पंप दुरुस्तीला पडले होते, हाताला ग्रीस. "काकांचा फोटो द्यायला, गुरुवारच्या मंडपासाठी. मला चोर म्हणायला आलात का टाळ घेऊन?"

"टाळ घरी ठेवलेत," नाना म्हणाले. "किती वाजले होते?"

"चारच्या सुमारास. वर कोणी नव्हतं. पंखा फिरत होता, कॉम्प्युटर चालू, खुर्चीवर लाल उशी, पेल्यात अर्धा चहा. फोटो टेबलावर ठेवला आणि निघालो. मला त्या यंत्रातलं काय कळतंय? मी फक्त वरती बोट सरकवतो."

"तेही स्वतःचाच फोटो बघायला."

दीपक हसला. खरा हसला. "नाना, तुम्ही पण ना!"

तिथून आम्ही संग्रहात गेलो. आबा नव्हते. नानांनी रुपलीच्या खुर्चीसमोरची भिंत पाहिली. तिथे एक कागद चिकटवलेला, रुपलीच्या हातचा, बोटभर उंच अक्षरांत:

नवी यादी उघडा. नावं लिहा. सेव्ह करा. काळ्या खिडकीत वरचा बाण दाबा. एंटर दाबा.

"एवढं मोठं अक्षर कोणासाठी?" नाना पुटपुटले. "तिचे डोळे तर चांगले आहेत."

मग त्यांनी कपाटातून संग्रहाची जुनी वही काढली. आबांच्या हातची, निळ्या शाईतली. पहिल्या पानावर एका कीर्तनाची नोंद: बुवा कोण, वीणा कोणाकडे, मृदंग कोणाचा, टाळकरी कोण. त्याच्या खालच्या कीर्तनाला, वरीलप्रमाणे. त्याच्या खाली, वरीलप्रमाणे, शिवाय अमुक एक टाळकरी. पानंच्या पानं. शेवटी रावेर. मृदंगाच्या रकान्यात तेच, वरीलप्रमाणे. बोट वर नेत नेत आम्ही चार नोंदी ओलांडल्या तेव्हा जीवरामचं नाव लागलं.

"जीवराम रावेरला गेला होता का रे?" नानांनी मला विचारलं.

मला आठवेना. नानांनी जीवरामलाच फोन लावला.

"कुठला!" जीवराम म्हणाला. "त्या दिवशी माझी बस भुसावळलाच बंद पडली. पोचलो तेव्हा आरती चालू होती. कोण वाजवत होतं? होता एक जण, केळीवाल्यांकडचा. हात सुंदर होता त्याचा. नाव नाही बा विचारलं."

नानांनी वही मिटली. "मुलगी मृदंगाचं खरं बोलली. आता धुळ्याला चला. मला हितेंद्रला भेटायचंय."

४

बुधवारी सकाळी एसटीने पारोळ्यावरून धुळे. हितेंद्रने चहा मागवला आणि स्वतःच सांगायला बसला.

"प्रत्येक कीर्तनाची एक पॉलिसी आहे, नाना."

"विम्याची?"

"नाही हो. परवानगीचा कागद म्हणा. हे कीर्तन कोणी ऐकायचं, माहिती कोणी भरायची. सर्व्हरच्या दारात द्वारपाल बसलाय, तो कागद बघून सोडतो. आबांचा आग्रह होता की कोणी वरचढ नको, कागदावर नाव असेल तोच आत. मी लिहिलं तरी मलाही तोच नियम. हे कागद बदलायला मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून दिलाय. सर्व्हरशी बोलायला तयार लायब्ररी मिळते, ती वापरली. जळगावला यादी लिहायची, काळ्या खिडकीत प्रोग्राम चालवायचा. लायब्ररी ती यादी उचलते आणि सर्व्हरला नेऊन देते. जशीच्या तशी. स्वतःचं डोकं चालवत नाही."

"म्हणजे चांगला चपराशी."

"अगदी."

"आणि ज्याचं नाव कागदावर नाही, त्याला द्वारपाल काय म्हणतो?"

हितेंद्र जरा ओशाळला. "आधी 'परवानगी नाही' म्हणायचा. मग लोक आबांना फोन करून भांडायचे, आम्हाला का नाही म्हणून. म्हणून मी ते बदललं. आता म्हणतो, सापडले नाही."

नानांनी कप खाली ठेवला. "नसलेल्याला आणि न दाखवलेल्याला, दोघांना एकच उत्तर?"

"हो, पण मलाही सापडलं नाही ना! माझं नाव तर प्रत्येक..." हितेंद्र मध्येच थांबला.

"सर्व्हरवरची जागा शनिवारनंतर कमी भरलेली दिसते का? एवढं मोठं कीर्तन उडालं तर थोडी मोकळी व्हायला हवी."

हितेंद्रने बघितलं. "जेवढी होती तेवढीच आहे."

"बरं. आता माझ्या कामातलं विचारतो," नाना म्हणाले. "कालव्यावर आम्ही पाळीपत्रक लावायचो. या आठवड्यात पाणी कोणाला, त्याची यादी. नवं पत्रक लागलं की जुनं रद्द. लोक भांडायचे, साहेब, मागच्या पत्रकात माझं नाव होतं. मी म्हणायचो, मागचं गेलं, यात दाखव. तुझी लायब्ररी काय करते? नवा कागद जुन्याच्या खाली चिकटवते, की जुना काढून त्या जागी लावते?"

हितेंद्रचा हात की-बोर्डवरच राहिला.

"जुना काढून," तो म्हणाला.

"शनिवारचा कागद तू वाचलास?"

"नाही. नोंद पाहिली, बदलल्याची. कागद उघडला नाही."

"बठ्ठं बराबर शे," नाना म्हणाले. म्हणजे सगळं बरोबर आहे. त्यांना काही उमगलं की ते आपल्या बोलीवर येतात. "फक्त वाचाले कोणाले येळ नही. उघड."

त्याने उघडला. कागदावर दोनच ओळी होत्या. हितेंद्रने त्या मोठ्याने वाचल्या आणि आधी हसला, मग त्याचं हसू विरलं. मला मात्र ऐकताक्षणी निळी शाई दिसली.

पहिली ओळ: वरीलप्रमाणे.

दुसरी ओळ: चाळीसगाव मंडळ.

५

"वरीलप्रमाणे नावाचा कुठलाच गट नाही," हितेंद्र म्हणाला. "सर्व्हरला वाटलं असेल, आहे कोणीतरी. त्या नावाचं कोणी दारात येणारच नाही. म्हणजे त्या कीर्तनाला सगळ्या जगात फक्त..."

"चाळीसगाव," नाना म्हणाले. "त्यांना कोणी विचारलंय का, तुम्हाला दिसतं का म्हणून?"

कोणी विचारलं नव्हतं. आबांनी लाजेने चाळीसगावला कळवलंच नव्हतं. गुरुवार उद्यावर आला होता.

नानांनी चाळीसगाव मंडळाच्या कुंदाबाईंना फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"राम कृष्ण हरी, कुंदाअक्का. तोतारामबुवांचं रावेरचं कीर्तन तुमच्याकडे उघडतं का हो?"

"उघडस म्हणजे? मी ते रइवारपाईन रोज आयकस, नाना! भाकरी करताना लाई देस. काय गोड मृदंग वाजाडेल शे! थांबा, आयकाडस तुम्हले."

आणि धुळ्याच्या त्या ऑफिसात, पंख्याच्या घरघरीत, बुवा गाऊ लागले. हितेंद्रने नकळत चपला काढल्या. मृदंग द्रुतात चढला, चढला, समेवर थाप पडली, आणि गजर उसळला. त्या गजराच्या शेवटी, धाप लागलेल्या आवाजात, बुवा म्हणाले, "वा रे खाज्या! वाजव, बाबा, वाजव!"

वर्ष होत आलं, हे कीर्तन आमच्याकडे होतं. ते वाक्य आमच्यापैकी एकीनेच ऐकलं होतं.

नानांनी डोळे पुसले. "चला. आता एक कठीण काम आहे. मोठ्या माणसाला त्याची चूक दाखवायचीय, तीही त्याचा मान न उतरवता."

६

संध्याकाळी पाचला पिंप्राळ्याला गिरणी बंद झाली होती. नानांनी रुपलीला बोलावून घेतलं होतं. ती दाराशी उभी. आबा उशी ठेवून रुपलीच्याच खुर्चीवर बसलेले.

"आबा," नाना म्हणाले, "सोमवारी हितेंद्रने तुम्हाला विचारलं, शनिवारी कोणी काही बदललं का. तुम्ही म्हणालात, नाही."

"नाहीच!"

"बरोबर. प्रश्नच चुकीचा होता. मी असं विचारतो, शनिवारी कोणी नाव वाढवलं का?"

आबा चटकन म्हणाले, "ते मी वाढवलं. कुंदाबाईंचा फोन आला होता, आम्हालाही ऐकायला मिळू द्या म्हणून. त्यात काय बदललं? कोणाचं नाव काढलं नाही, एक घातलं फक्त."

आबांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

नाना सावकाश सांगत गेले. "दीपकने या खुर्चीवर लाल उशी आणि अर्धा चहा पाहिला. तुम्ही खाली गिरणीत गेला असाल."

"दळण द्यायला," आबा हळूच म्हणाले.

"भिंतीवर बोटभर अक्षर आहे, ते तुमच्यासाठी. रुपली रोज कॉम्प्युटर बंद करते. शनिवारी नाही केला, कारण तुम्ही म्हणालात..."

"राहू दे, मी बघतो." वाक्य आबांनीच पुरं केलं. "मीच म्हणालो."

"आणि ही पोरगी तीन दिवस गप्प. कारण सांगितलं तर बोट तुमच्याकडे वळलं असतं. तुम्ही नवी यादी उघडली. कोरी. रांगेत तिच्या वरती मागची यादी होती, तीसेक नावांची. तुम्ही वहीत लिहिता तसं लिहिलंत, वरीलप्रमाणे, आणि खाली चाळीसगाव. माणूस असता तर त्याने वर पाहिलं असतं. त्या चपराशाने दिलं ते नेऊन दिलं. रुपली प्रत्येक वेळी जुनी नावं पुन्हा उतरवते. तिने ते कागदावर लिहिलं नाही, कारण तिला वाटलं, कोणीही उतरवेलच."

"माझीही चूक आहे," रुपली म्हणाली.

"तू गप्प," आबा म्हणाले, पण आता तो आवाज आजोबांचा होता. "कीर्तन आहे ना पण? आहे?"

"आहे. चाळीसगावला भाकऱ्यांबरोबर वाजतंय."

आबा हसले आणि रडलेही. मग त्यांच्या लक्षात आलं की नाना अजून उभेच आहेत, आणि हातात जुनी वही आहे.

"हाच शब्द आणखी एका ठिकाणी आहे, आबा. तिथे तर सर्व्हरही नव्हता."

नानांनी रावेरचं पान उघडून पुढे ठेवलं, आणि कुंदाबाईंकडून मोबाइलवर घेतलेला तो तुकडा लावला. "वा रे खाज्या! वाजव, बाबा, वाजव!" रुपलीने पदराचं टोक तोंडाशी धरलं.

आबांनी खिशातलं पेन काढलं. वरीलप्रमाणे या शब्दावर एक सरळ रेघ ओढली. मग त्यांनी खुर्ची सोडली, उशी उचलली आणि म्हणाले, "ये, बस. तुझ्या बापाचं पूर्ण नाव सांग. आणि गाव. सगळं लिहितो."

रुपली बसली नाही. आधी त्यांच्या पाया पडायला वाकली. आबांनी तिला अर्ध्यातच धरलं. "उलटं करू नको. आज वाकायचं ते मी, पण कंबर ऐकत नाही."

त्याच संध्याकाळी रुपलीने नवी यादी उघडली, जुनी तीसेक नावं एकेक करून उतरवली, खाली चाळीसगाव मंडळ घातलं, आणि आबांच्या सांगण्यावरून शेवटी एक ओळ घातली. ती ओळ आता आमच्या प्रत्येक कीर्तनाच्या परवानगीत आहे: ज्यांनी साथ केली, त्यांच्या घरच्यांना हे कीर्तन कायम खुलं. हितेंद्रने तसा गट सर्व्हरवर खरोखर बनवला, आणि आपल्या द्वारपालाची भाषाही सुधारली. आता तो सरळ सांगतो, परवानगी नाही. आबांना फोन येतात. ते घेतात.

गुरुवारी चाळीसगावला मंडप भरला होता. कीर्तन लावण्याआधी आबा माइकवर उभे राहिले, आणि एका मुलीवर आपण कसा खोटा आळ घेतला ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, काही न गाळता. पुढच्या रांगेत रुपली आणि तिची आई. समेवर थाप पडली, बुवांनी हाक मारली, तेव्हा आई मागे वळून लोकांकडे बघत होती, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून.

आता वीणा खाली उतरतेय, आजचे बुवा आले. एवढंच मागतो तुमच्याकडे. गजर चढेल, तुमचे हात वर जातील, तेव्हा मृदंगाच्या थापेबरोबर क्षणभर खाज्याची आठवण ठेवा. रावेरच्या केळीच्या बागेत तो दिवसभर राबला आणि मंदिरात मागे बसून वाजवायला शिकला. त्याचं नाव विचारायला आमच्यातल्या कोणालाच सवड झाली नव्हती.